शांतिसैनिकाला गोळी चालवायची परवानगी असते. अडते ते दुसरीकडेच

महोदय,

आफ्रिकेतल्या एखाद्या गावात माणसे कापली गेली आणि जवळच संयुक्त राष्ट्रांचे ठाणे होते, अशी बातमी आली की वाचकांच्या पत्रांत ठरलेला सूर उमटतो : ‘आपल्या पोरांचे हात बांधून पाठवतात, गोळी चालवायची परवानगीच नसते, मग पाठवतात कशाला?’ बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात गल्लीगणिक एक फौजी सापडतो. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे दिल्ली-न्यूयॉर्कपुरता राहत नाही, घरात येतो. म्हणून हा समज दुरुस्त व्हायला हवा. परवानगी असते, आणि कागदावर ती पुरेशी मोकळीही असते. अडते ते माणसांच्या संख्येपाशी, गाडी-हेलिकॉप्टरपाशी, दवाखान्यापाशी आणि राजधानीतून येणाऱ्या फोनपाशी.

आधी कायद्याची बाजू, थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेना हा शब्दच नाही. सहावे प्रकरण तडजोडीचे, सातवे बळाच्या वापराचे. शांतिसेना या दोन्हींच्या मधल्या फटीतून उगवली. तिची तीन तत्त्वे कुठल्याही फौजीला पाठ असतात : दोन्ही पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा मँडेटचे, म्हणजे सुरक्षा परिषदेने नेमून दिलेल्या कामाचे, रक्षण सोडून बळाचा वापर नाही. लोक तिसऱ्या तत्त्वातले ‘स्वसंरक्षण’ वाचतात आणि थांबतात. सगळी गोम मँडेटच्या रक्षणात आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनसाठी सुरक्षा परिषदेने ठराव १२७० केला आणि नागरिकांना शारीरिक हिंसेपासून वाचवण्याचे काम पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत, सातव्या प्रकरणाखाली, शांतिसेनेकडे दिले. पुढे काँगो, दक्षिण सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा मोठ्या मोहिमांना हेच कलम लागले. म्हणजे जवानावर स्वतःवर कोणी बंदूक रोखलेली नसली, पण समोर गावकऱ्यांवर कोयता उगारला आहे, तर तो गोळी चालवू शकतो. मारणारा बंडखोर आहे की त्याच देशाच्या लष्कराचा गणवेश घातलेला आहे, याने नियमात फरक पडत नाही. व्यवहारात फार पडतो, ते पुढे येईलच.

त्याच ठरावात एक शेपूटही आहे : ‘आपल्या कुवतीनुसार आणि तैनातीच्या क्षेत्रात’. ही कुवत कोण मोजणार, हे कुठेच लिहिलेले नाही.

आता गोळीपर्यंतचा रस्ता. प्रत्येक मोहिमेसाठी रूल्स ऑफ एंगेजमेंट, म्हणजे आरओई, न्यूयॉर्कच्या मुख्यालयातून ठरून येतात. फोर्स कमांडरला ते आपल्या मर्जीने सैल करता येत नाहीत. त्यांचा गोषवारा जवानाच्या खिशातल्या कार्डावर त्याच्या भाषेत असतो. त्यात दोन गोष्टी आधी ओळखायच्या असतात : शत्रुत्वाची कृती आणि शत्रुत्वाचा इरादा. कृती ओळखणे सोपे, गोळी आली की कळते. इरादा ओळखणे हेच खरे कसब. रस्त्यावरच्या नाक्याचे उदाहरण घ्या. काटेरी तारेचा अडथळा आहे, मागे एक चिलखती गाडी उभी आहे, आणि समोरून पिकअप भरून हत्यारबंद माणसे येत आहेत. पहिले काम ओरडून ओळख सांगणे आणि थांबायला सांगणे. समोरच्याला कळेल अशा भाषेत, पुन्हा पुन्हा. मग हत्यार दिसेल असे धरणे. मग कॉक करणे. रायफलीचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज सगळ्या भाषांत सारखाच कळतो आणि अर्ध्याहून जास्त भांडणे तिथेच मिटतात. मग, कमांडरने सांगितले तर, सुरक्षित दिशेला इशाऱ्याची गोळी. त्यानंतर नेम धरून, एकेक, जेवढ्या लागतील तेवढ्याच गोळ्या. बर्स्ट, म्हणजे एकदम गोळ्यांची फैर, हा अगदी शेवटचा उपाय. गोळीबार थांबला की जखमी कोणत्याही बाजूचा असो, त्याला प्रथमोपचार. मग गोळ्यांची मोजदाद, जागेचा नकाशा, अहवाल.

यात दोन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. एक, ही शिडी पायरी-पायरीनेच चढायची असा नियम नाही. थांबलो तर जीव जाणार असेल तर सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट गोळी चालवण्याची मुभा आरओईतच असते. दुसरे, ‘पायावर मारून पाडायचे’ हे पडद्यावरचे ज्ञान आहे. धावत्या माणसाच्या पिंढरीवर नेम बसत नाही, आणि चुकलेली गोळी मागच्या पत्र्याच्या घरात जाते. इशाऱ्याच्या गोळीचेही तेच. दाट वस्तीत ‘सुरक्षित दिशा’ सापडत नाही, आणि हवेत सोडलेली गोळी कुठे तरी खाली येतेच.

चुका बहुतेक पहिल्याच पायरीवर होतात. पूर्व काँगोत स्वाहिली, दक्षिण सुदानची राजधानी जुबात तिथली अरबी, बाहेर पडलात की दिन्का नाहीतर नुएर. दुभाषे असतात, पण ते दिवसाच्या गस्तीबरोबर जातात आणि संध्याकाळी आपापल्या घरी. रात्री अडीच वाजता नाक्यावरचा संत्री इंग्रजीत किंवा हिंदीत ओरडतो आणि समोरचा ट्रकवाला, जो कदाचित साधा केळीवाला असेल, गाडी आणखी पळवतो. म्हणून जाणती बटालियन संत्र्याकडून स्थानिक भाषेतली पाच-सहा वाक्ये घोकून घेते आणि अडथळ्याच्या शंभर मीटर आधी चित्राची पाटी लावते. हा खर्च काहीच नाही. तरीही तो कित्येक ठिकाणी झालेला नसतो, हे खरे.

जमावाची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त अवघड. पायदळाची बटालियन जमावासाठी नाहीच. लाठी, ढाल, अश्रुधूर हे काम पोलिसांच्या फॉर्म्ड पोलीस युनिटचे. ते मोहिमेत मोजकेच असतात आणि नेमके त्या ठिकाणी असतीलच असे नाही. जुलै २०२२ मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रांविरुद्ध दंगल उसळली. बुटेंबोच्या तळावर चालून आलेल्या जमावातल्या काहींनी स्थानिक पोलिसांच्या बंदुका हिसकावल्या. त्यात सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान आणि एक मोरोक्कन शांतिसैनिक मारले गेले. पाचच दिवसांनी कासिंदीच्या सीमानाक्यावर रजेवरून परतणाऱ्या दुसऱ्या एका देशाच्या शांतिसैनिकांनीच लोकांवर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. एकाच आठवड्यात, एकाच मोहिमेत, दोन्ही टोके. आपल्याला पहिली बातमी आठवते, तिथल्या लोकांना दुसरी.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे संख्या. दक्षिण सुदान हा देश आख्ख्या कर्नाटकाच्या तिपटीहून मोठा. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या सैनिकांची कमाल मर्यादा वाढवून किती केली? १७,०००. काँगोचा उत्तर किवू हा एकटा प्रांत आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या चौपटीहून मोठा आहे, आणि डझनावारी हत्यारबंद टोळ्या त्याच्या डोंगरांत वावरतात. मोठे आकडे मात्र फसवतात, म्हणून एकाच पोस्टचा हिशेब मांडू.

एका प्लाटूनमध्ये पस्तीसच्या आसपास जवान. पोस्टला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याच्या बंकरमध्ये दोन संत्री, म्हणजे एका वेळी आठ. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या की चोवीस जण इथेच संपले. राहिले अकरा. त्यातला एक प्लाटून कमांडर, दोन रेडिओवाले, एक नर्सिंग असिस्टंट, एक-दोन स्वयंपाकी, दोन ड्रायव्हर. एखादा मलेरियाने आडवा, एखादा रजेवर. गस्तीला उरले किती? एक, फार तर दोन. आणि गस्त निदान दोन गाड्यांची, आठ-दहा जणांची हवी. म्हणजे ड्युटीवरून उतरलेल्या संत्र्यांनाच झोपेतून उठवून गस्तीला न्यायचे. आठवडाभर असे चालवले की माणूस उभ्या-उभ्या डुलक्या घेतो, आणि हल्ला पहाटे येतो. म्हणून अनुभवी कंपनी कमांडर छोट्या छोट्या पोस्ट विखरून ठेवायला कुरकुरतो; तो कंपनी एकत्र ठेवतो आणि हंगामापुरता तात्पुरता तळ पुढे टाकतो. नकाशावर निळे ठिपके कमी दिसतात. मुख्यालयाला ते आवडत नाही, कारण सुरक्षा परिषदेला ठिपके दाखवायचे असतात.

ठिपक्यांची किंमत काय असते? १९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण सुदानातल्या अकोबोच्या छोट्या तळावर हजारोंचा सशस्त्र जमाव चालून आला. आत आश्रयाला आलेले दिन्का जमातीचे नागरिक होते. तळ टिकला नाही, भारतीय जवान मारले गेले, नागरिकही मारले गेले. तिथल्या आरओईत काही कमी नव्हते. कमी होती ती माणसे.

दवाखान्याचा आणि गोळीचा संबंध वाचकांच्या लक्षात येत नाही, तो सांगायलाच हवा. संयुक्त राष्ट्रांचा जखमींबाबतचा ठोकताळा १०-१-२ असा आहे : दहा मिनिटांत जागेवरचा प्रथमोपचार, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रियेचे टेबल. पूर्व काँगोतल्या गोमा शहरात भारताचे चांगले लेव्हल-३, म्हणजे शस्त्रक्रियेची सोय असलेले, रुग्णालय आहे. पण डोंगरापलीकडच्या पोस्टपासून तिथपर्यंत रस्त्याने, पावसाळ्यात, चिखलात आठ-दहा तास लागू शकतात. मग राहिले हेलिकॉप्टर. त्यातली बरीच कंत्राटी, नागरी वैमानिकांची. ती गोळीबार चालू असलेल्या जागी उतरत नाहीत आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवता येत नाही. लष्करी हेलिकॉप्टर देणारा देश करारातच अटी घालतो : रात्री उड्डाण नाही, अमुक भागात नाही. परिणाम असा की सूर्यास्तानंतर जखमीला उचलता येणार नसेल तर शहाणा कमांडर रात्री लांबची गस्त काढत नाही. आणि टोळ्यांना हे ठाऊक असते. रात्र त्यांची होते. ‘शांतिसेना रात्री बराकीत झोपा काढते’ हा जो आरोप होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या हेलिकॉप्टरच्या करारात असते.

बळ अर्धवट वापरले तर काय होते, याचा सगळ्यात महाग धडा १९९० च्या दशकातल्या युद्धात बोस्नियाने दिला. तिथल्या संरक्षण दलाचे पहिले फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्याच मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. १९९२-९३ चे एक वर्ष त्यांनी तिथे काढले. त्यांच्यानंतर, एप्रिल-मे १९९३ मध्ये, सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनिकासह सहा गावे ‘सुरक्षित क्षेत्रे’ म्हणून जाहीर केली. लष्करी सल्लागारांनी सांगितले, धाक बसवायचा तर सुमारे ३४,००० सैनिक लागतील. परिषदेने ‘हलका पर्याय’ म्हणून ७,६०० मंजूर केले, आणि कमी पडले तर नाटोची विमाने आहेतच असे म्हटले. विमानांना मात्र दोन किल्ल्या : एक संयुक्त राष्ट्रांकडे, एक नाटोकडे. दोन्ही फिरल्या तरच बॉम्ब.

मे १९९५ मध्ये त्या फिरल्या. बोस्नियन सर्बांची राजधानी असलेल्या पालेजवळच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर विमानांनी हल्ला केला. बोस्नियन सर्बांनी लगेच देशभर विखुरलेले साडेतीनशेहून अधिक शांतिसैनिक ओलीस धरले, काहींना तर संभाव्य लक्ष्यांना साखळीने बांधून छायाचित्रे काढली. एका हाताने बॉम्ब आणि दुसऱ्या हाताने हलक्या हत्याराच्या चौक्या, असा मेळ बसत नाही. जुलैत स्रेब्रेनिकाच्या दारात सर्ब फौज आली तेव्हा आत चारशेच्या आसपास डच सैनिक होते. त्यांचे डिझेल आणि रसद महिनोन्‌महिने अडवलेली होती, त्यामुळे चिलखती गाड्या असून पायी गस्ती चालत. मागितलेली विमाने आली ती उशिरा आणि मोजकी. ११ जुलैला गाव पडले आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे आठ हजार पुरुष आणि पोरे मारली गेली.

त्याच वर्षी बळ चाललेही, पण कसे ते पाहा. आधी ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स यांनी तोफखान्यासह शीघ्र कृती दल आणून साराजेव्होवरच्या इग्मान डोंगरावर तोफा चढवल्या. गोराझ्दे या दुसऱ्या सुरक्षित क्षेत्रातली ब्रिटिश तुकडी गाजावाजा न करता काढून घेतली, म्हणजे ओलीस धरायला कोणी उरले नाही. त्यानंतर, ३० ऑगस्टला, विमाने आली. शांतिसेनेत बळ वापरायचे असेल तर पहिले पाऊल उघड्यावरची माणसे आत घेण्याचे, ही गोष्ट आमच्या मते दोन-अडीच वर्षे उशिरा कळली.

१९९४ च्या रवांडातल्या वंशसंहाराचे उदाहरण दरवेळी ‘आरओई कमजोर होते’ म्हणून दिले जाते. तिथले फोर्स कमांडर जनरल दॅलेर यांनी तयार केलेल्या आरओईत मानवतेविरुद्धचे गुन्हे रोखण्यासाठी बळ वापरण्याचे कलम होते. न्यूयॉर्कने त्याला रीतसर होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दहा बेल्जियन पॅराट्रूपर ७ एप्रिलला मारले गेले, बेल्जियमने आपली सगळ्यात सज्ज तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिलला, कत्तल भरात असताना, परिषदेने अडीच हजारांचे दल २७० वर आणायचा ठराव केला. प्रत्यक्षात चारशे-पाचशे जण मागे राहिले, आणि त्यांनी किगालीच्या अमाहोरो स्टेडियममध्ये हजारो लोकांचा जीव वाचवला. फार गोळ्या झाडून नव्हे, फाटकात उभे राहून. याउलट ११ एप्रिलला एका तांत्रिक शाळेतून बेल्जियन सैनिक निघून गेले आणि तिथे आश्रय घेतलेले सुमारे दोन हजार लोक त्याच दिवशी मारले गेले.

फाटकात उभे राहण्याचे बळ आपल्या भागाला परके नाही. कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात १९५३ मध्ये कोरियात भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख होते. ती संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हती, युद्धबंदीच्या करारातून आलेली तटस्थ फौज होती. काम मात्र तेच, आणि ताब्यात मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले तेव्हा थोरात मोजक्या लोकांसह स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. बाहेर हत्यारबंद जवान तयार होते, म्हणूनच आतले बोलणे चालले. पुढे दुसऱ्या कंपाऊंडांत गोळी चालवावी लागली, कैदी मेले, हेही त्याच फौजेच्या इतिहासात आहे.

गोळी चालवून काम फत्ते झाल्याची उदाहरणे भारताच्याच खात्यात आहेत. काँगोत फेब्रुवारी १९६१ च्या ठरावाने यादवी रोखण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळ वापरायची मोकळीक दिली. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलचा नाका मोकळा करताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया सोळा गुरख्यांसह चाल करून गेले; संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मिळालेले ते एकमेव परमवीर चक्र. पण त्यामागे आख्खी भारतीय ब्रिगेड होती आणि आपल्या हवाईदलाची कॅनबेरा बॉम्बर विमाने होती. पाठीशी काय उभे आहे हे दोन्ही बाजूंना दिसत होते.

सिएरा लिओनमधले ऑपरेशन खुकरी त्याहून शिकण्यासारखे. मे २००० मध्ये आरयूएफच्या बंडखोरांनी पाचशेच्या आसपास शांतिसैनिक पकडले. कायलाहूनमध्ये ५/८ गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या आणि लष्करी निरीक्षक वेढले गेले. त्यांनी हत्यारे खाली ठेवली नाहीत. जवळपास ७५ दिवस वेढ्यात काढले. मधल्या काळात मोहिमेचे फोर्स कमांडर मेजर जनरल विजय जेटली यांनी बोलणीही चालू ठेवली आणि जमवाजमवही : १०५ मिलिमीटरच्या तोफा, बीएमपी चिलखती गाड्या, एमआय-३५ हल्लेखोर हेलिकॉप्टरे, ब्रिटिशांची दोन चिनूक. १५ जुलैला, ऐन पावसाळ्यात, चिनूकनी आधी निःशस्त्र निरीक्षकांना उचलले, मग कंपन्या वेढा फोडून निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर. एक भारतीय हवालदार कामी आला. इथे जंगलातल्या धाडसाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. आम्ही जास्त गुण देऊ ते आधीच्या अडीच महिन्यांच्या धीराला आणि सामान जुळवणीला. घाईने पहिल्याच आठवड्यात निघाले असते तर दोनशेवर प्रेते मोजावी लागली असती.

त्यानंतर २०१३. आदल्या नोव्हेंबरात एम-२३ या टोळीने शांतिसेनेच्या डोळ्यांदेखत गोमा घेतला होता. मार्चमध्ये ठराव २०९८ आला आणि दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी यांची ३,०६९ जणांची इंटरव्हेन्शन ब्रिगेड उभी राहिली : तीन पायदळ बटालियन, एक तोफखाना तुकडी, एक विशेष दल व टेहळणी कंपनी. टोळ्यांना ‘निष्प्रभ’ करणे हेच तिचे काम. नोव्हेंबरपर्यंत एम-२३ हरली. पण जमिनीवर पुढे काँगोचे लष्कर होते, डोक्यावर हल्लेखोर हेलिकॉप्टरे होती आणि त्याच काळात एम-२३ ला पाठबळ देणाऱ्या रवांडावर बाहेरून दबाव आलेला होता. तीन गोष्टी एकदम जुळल्या. पुढे त्या सुटल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये तीच टोळी पुन्हा गोम्यात शिरली. शिवाय, एकदा असे लढायला उतरले की कायद्याने शांतिसैनिक हा युद्धातला पक्ष ठरतो, त्याच्यावरचा हल्ला हा शांतिरक्षकावरचा हल्ला राहत नाही. शेजारच्या पोस्टवरचा भारतीय जवान त्या ब्रिगेडमध्ये नसतो, पण गोळी मारणाऱ्याला निळ्या टोप्यांतला फरक दिसत नाही.

संमतीचे काय? लवाद दोन्ही बाजूंनी मानला तरच लवाद, हे सीमाभागातल्या वाचकाला महाजन आयोगापासून तोंडपाठ आहे. मे १९६७ मध्ये इजिप्तने ‘निघा’ म्हटले आणि गाझातली शांतिसेना निघाली. महिन्याभरात युद्ध पेटले आणि माघारीच्या वाटेवरचे भारतीय जवान त्यात मारले गेले. जून २०२३ मध्ये मालीने तेच म्हटले, डिसेंबरअखेर मोहीम गुंडाळली. यजमान सरकारच्या फौजेवर गोळी चालवण्याचा अधिकार कागदावर असूनही हात का आखडतो, ते यावरून कळावे. आज तिच्यावर झाडली तर उद्या व्हिसा अडतो, परवा डिझेलचा टँकर, तेरवा आख्खी मोहीम.

राहिला फोन. सैनिक देणारा देश फोर्स कमांडरला फक्त ऑपरेशनल कंट्रोल देतो. पूर्ण हुकमत स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे मोठा हुकूम आला की कित्येक कंटिंजंट कमांडर, म्हणजे त्या त्या देशाच्या तुकडीचे प्रमुख, आधी आपल्या राजधानीला फोन लावतात. काही देश कोणते काम करणार नाही याच्या अटी आधीच कळवतात, काही ऐन वेळी. जुलै २०१६ मध्ये जुबात सरकारी फौजेने ‘टेरेन’ नावाच्या निवासी संकुलात घुसून मदतकार्यातल्या लोकांवर अत्याचार केले. शांतिसेनेचा तळ एक-सव्वा किलोमीटरवर. मदतीचे फोन आले, कोणी गेले नाही. निवृत्त डच जनरल कॅमर्ट यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत या चार तुकड्यांना परस्परविरोधी हुकूम जात होते आणि हाताशी असलेल्या बळाचा वापर झाला नाही. आपले नाव त्यात आहे, ते वगळून चालणार नाही. फोर्स कमांडर केनियाचा होता, त्याला काढले. रागावून केनियाने आपले हजारभर सैनिक परत नेले. पुढच्या फोर्स कमांडरने यातून काय शिकायचे?

संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयाने मार्च २०१४ मध्ये २०१० ते २०१३ चा हिशेब काढला. नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या ५०७ नोंदींपैकी जेमतेम वीस टक्क्यांत शांतिसेनेने तातडीने पाऊल उचलले, आणि अखेरचा उपाय म्हणूनही बळ जवळपास वापरलेच गेले नाही. कारणांत दुहेरी हुकूम होते, अपुरी साधने होती, आणि गोळी चालवली तर आपल्याच मागे चौकशी लागेल ही धास्तीही. उलट, नुसते उभे राहिल्याबद्दल कोणावर कारवाई झाल्याचे क्वचितच ऐकू येते. या मुद्द्याकडे दिल्लीने लक्ष द्यायला हवे. आमच्या जवानाला दिल्लीतल्या शांतिरक्षण प्रशिक्षण केंद्रात आरओई घोटून शिकवतात. बेळगावात शिकलेली चढाई तिथे लगाम लावून वापरायला शिकवतात. शिक्षणात उणीव नाही. उणीव आहे ती ‘योग्य वेळी गोळी चालवलीस तर आम्ही पाठीशी आहोत’ हे लेखी सांगण्यात.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी बातमी छापताना चार गोष्टी शोधून छापाव्यात : त्या पोस्टवर त्या रात्री किती माणसे होती, सगळ्यात जवळचे रात्री उडू शकणारे हेलिकॉप्टर कुठे होते, शस्त्रक्रियेची सोय किती तासांवर होती, आणि गोळीचा हुकूम कोणी मागितला, कोणी अडवला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी अहवालांत यातले बरेचसे असते. फक्त ते दोन-तीन महिन्यांनी येतात आणि तोवर बातमी शिळी झालेली असते.

आणि बेळगाव, चिक्कोडी, तसेच खानापूर ज्यात येते त्या कारवारच्या खासदारांनी लोकसभेत तारांकित प्रश्न विचारावेत. सनदेच्या ४४ व्या कलमाप्रमाणे, सैनिक पुरवणाऱ्या देशाला त्यांच्या वापराच्या निर्णयात बोलावण्याची तरतूद आहे आणि भारत तिचा दाखला नेहमी देतो; मग गेल्या पाच वर्षांत कोणत्या ठरावाच्या मसुद्याआधी भारताला खरोखर विचारले गेले? सध्याच्या मोहिमांत आपल्या तुकड्यांवर भारताने स्वतः कोणत्या अटी घातल्या आहेत? रात्रीच्या जखमी-वाहतुकीची सोय नसेल तिथे नवी कंपनी पाठवायला सरकार नकार देते का, आणि देत नसेल तर का नाही?

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही माजी सैनिक